भिजवलेल्या चाकांची गाडी

"चाकांना गोणपाट गुंडाळलेलं दिसलं ना चन्ना, की समज, गाडी चालली. आणि चालली म्हटलं की कोण नेतोय ते बघ. त्याच्या घरात लहान पोर असलं तर मल्लूच्या भरवशावर राहू नकोस. तूच तोंड उघड."

अक्कम्मांनी, म्हणजे चन्नम्माच्या सासूबाईंनी, हे सांगितलं तेव्हा ती बी.ए.चा शेवटचा पेपर देऊन नुकतीच त्या घरात आली होती. ती मेथी निवडत होती. तिनं मान हलवली आणि मनातल्या मनात हसली. सासूबाईंचा मोटारींवर दात आहे, एवढाच अर्थ तिनं काढला. आणि दात असायला जागा होतीच. त्या विभूती लावून पूजेला बसल्या की नेमका मागच्या शेडमधून हॉर्न वाजे. परसातली शेवग्याची दोन झाडं त्या शेडपायी तोडली गेली होती. पुढं अक्कम्मा अक्कलकोटला लेकीकडे राहायला गेल्या, आणि त्यांचं बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं.

सोलापुरात नवी पेठेतलं कापडाचं दुकान चन्नम्माच्या नवऱ्याचे, म्हणजे मल्लिकार्जुनचे, धाकटे भाऊ बघत. तो स्वतः दुकानात असला तरी मनानं शेडमध्ये असे. कुठल्याशा जहागीरदाराच्या गोठ्यात जिच्यात कोंबड्या अंडी घालतात अशी मोटार पडून आहे, एवढं कानावर आलं की त्याची झोप उडे. मग ती आणायची, सोडवायची, एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, वर्षभर तिच्यात हात काळे करायचे आणि ती चालायला लागली की कुणा शौकिनाला देऊन दुसरीच्या मागं लागायचं. असे पाच-सहा जण गावात होते. दर रविवारी सकाळी शेडपुढच्या लिंबाखाली त्यांची बैठक भरे. त्यांत सर्वांत वडीलधारे वीरभद्रप्पा. मिलच्या इंजिनखात्यातून निवृत्त झालेले, आणि एकेकाळी स्वतःच्या तीन मोटारी बाळगलेले.

"वीरभद्रप्पा, ह्या वयात नवीन गाडी?" कुणी चिडवलं की ते म्हणत, "नवीन कुठली? माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे ती. मीच तिला अहो-जाहो करतो."

चन्नम्मा चहा नेऊन देई आणि ऐकत राही. ऐकून ऐकून तिला बरंच कळायला लागलं होतं. शेडमधल्या जुन्यात जुन्या गाड्यांची चाकं लाकडी होती. बैलगाडीला असतात तसेच जाडजूड आरे, फक्त कडेनं लोखंडी कडं आणि त्यावर रबरी टायर. सोलापूरच्या उन्हात लाकूड आकसतं, आरे आपापल्या खाचांत सैल होतात, चाक कुरकुरायला लागतं. मग चाकं उतरवून भिजत घालायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात. उन्हात फिरलं की पुन्हा पहिले पाढे. नवे आरे करावेत तर तसलं लाकूड मिळत नव्हतं. म्हणून पाणी.

आणि ह्या मंडळींचा एक रिवाज होता. गाडी देता-घेताना चाकांबद्दल कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. घेणाऱ्यानं खाली बसून बोटाच्या पेरानं एकेक आरा वाजवायचा. टक् असा भरीव आवाज आला की मान डोलवायची. वाजवून घेतलं, विषय संपला. नंतर तक्रार घेऊन येणारा माणूस लिंबाखालून कायमचा उठला. भिजवलेलं चाक भरीवच वाजतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, असं सगळे धरून चालत.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला तो आदल्या वर्षीचा दुष्काळ पाठीवर घेऊन. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही कधी आलं नाही की नाहीच. चन्नम्माचा शिवयोगी तेव्हा बसायला लागला होता. त्याला घरात योगी म्हणत. पोराचं कपाळ जरा गरम लागलं तरी तिचा जीव टांगणीला लागायचा. दिवसातून दहादा ती त्याचे ओठ बघे, टाळू बघे. त्याचे लंगोट धुतलेलं पाणीसुद्धा ती बादलीत धरून ठेवी, मोरीसाठी.

एके दिवशी ती बादली रिकामी.

"अहो, योगीच्या लंगोटांचं पाणी कुठं गेलं?"

"घाणच होतं की गं ते," मल्लिकार्जुन शेडमधून म्हणाला. "चाकांना काय चव कळते?"

तिनं डोकावून बघितलं. चारी चाकं भिंतीला टेकवलेली, गोणपाटात गुंडाळलेली, खालची फरशी ओली. शेजारी हिरवी उभी होती, चार लाकडी ठोकळ्यांवर. सत्तावीस सालची, कापडी टपाची, दोन्ही बाजूंनी उघडी आणि दारं गुडघ्याएवढी. तिच्या रंगावरून सगळे तिला हिरवीच म्हणत.

"कुणाला देताय?"

"श्रीमंत गडदे. तो अकलूजकडचा, साखर कारखान्यातला केमिस्ट. वेड आहे पोराला. परदेशी मासिकं मागवून वाचतो."

चन्नम्माला त्या क्षणी दुसरीच काळजी होती. उद्या लंगोट कशात धुवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत आला तो बायको-पोरीला घेऊनच. चाकं तोवर बसवून झाली होती, गोणपाटं दोरीवर गेली होती. मुक्ताबाई स्वयंपाकघरात आली ती डोक्यावरचा पदर सांभाळत, आणि चुलीपाशी बसताक्षणी घरातलीच झाली. तिच्या कडेवर माया, वर्षाची पोर. जावळ अजून काढलेलं नव्हतं. डोक्यावर रिबिनीनं बांधलेलं केसांचं कारंजं. ती योगीच्या पायाचा अंगठा धरायला बघत होती.

"ताई, तुमच्याकडं बी पान्याचं असंच की?"

"असंच. तुमच्या गावाकडं?"

"आमच्या वाडीला टँकर येतुया. तरी ह्यांचं काय, तर मोटारीतनंच जावळाला जायाचं. मी म्हनलं यष्टीनं जाऊ. तर म्हनले, आमच्या सात पिढ्या मेंढरामागं चालत गेल्या, माझी पोरगी मोटारीत बसून देवाला जानार." मुक्ताबाई हसली. "ताई, खरं सांगू का, ह्यांचं पयलं लगीन मोटारीशीच झालंय. मी धाकली."

चन्नम्माही हसली. "माझंही तसंच. माझ्या तर सवती दर वर्षाला बदलतात."

"आज मंगळवेढ्याला माझ्या म्हायेरी मुक्काम. आई म्हनती, जरा ऱ्हावा. मग सांगोल्यावरनं गडदेवाडी."

"गावाकडं बैलगाडी असेल ना? सामानसुमान न्यायला?"

"कुटली बैलगाडी ताई! आमच्यात मेंढरं आन घोडं. बिऱ्हाड घोड्यावर. सासरच्या दारात चाक म्हनून काय येनार आसंल तर त्ये ह्येच पयलं."

हे चन्नम्मानं ऐकलं. ऐकलं आणि कपात चहा ओतला.

बाहेर श्रीमंत खाली बसून आरे वाजवत होता. मासिकात वाचून आल्यासारखा, डोळे मिटून. टक्. टक्. टक्.

"मल्लिकार्जुनशेठ, देवळाचा खांब वाजावा तसं वाजतंय की हो!"

मल्लिकार्जुन खिशात हात घालून उभा होता. नुसता हसला. चन्नम्मा चहा घेऊन दारात आली, तेव्हा पुढच्या चाकाच्या खालच्या आऱ्यावरून एक थेंब फरशीवर पडला. तो तिनं पाहिला. अक्कम्मांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून सरकला. पाहुण्यांदेखत नवऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, म्हणून तिनं कानडीतून विचारलं.

"री, हेळिद्रा?" सांगितलंत का?

"अवरिगे गोत्तु," तो म्हणाला. त्यांना माहीत आहे. आणि पुढं कानडीतच, कपाळाला आठी घालून, की खेड्यातली माणसं आहेत, चाकाला पाणी घालतात हे त्यांना आपण काय शिकवायचं?

तेवढ्यात आत योगी रडायला लागला. ती आत गेली.

हिरवी गेली तेव्हा गल्लीतली सगळी पोरं मागं धावली. मुक्ताबाई पुढं बसली होती, मांडीवर माया. हॉर्न वाजला की माया टाळ्या पिटत होती. त्याच दुपारी मल्लिकार्जुन हैदराबादच्या गाडीत बसला. तिथल्या कुठल्याशा हवेलीत एक मोटार निघाल्याचं त्याला कळलं होतं, आणि उशीर झाला तर दुसरा कुणी उचलेल ही धास्ती होती. उतरणार कुठं, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वीरभद्रप्पा काठी टेकत आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. चाचपडत येताना दोरीवरच्या गोणपाटाला त्यांचा हात लागला.

"ही गोणपाटं कशाची गं, सूनबाई?"

"चाकांची आहेत, काका. हिरवी काल गेली. श्रीमंत गडदेंकडे."

"केमिस्ट? गुणी पोरगा. रोज पाणी मारायला सांगितलं ना त्याला?"

"हे म्हणाले, त्याला माहीत आहे. खेड्यातला माणूस."

"मग ठीक." ते बाजेवर टेकले. "बैलगाडीवाल्याला सांगावं लागत नाही."

चन्नम्मा ताकाचा पेला घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. आमच्यात मेंढरं आन घोडं.

"काका, त्यांच्या घरी बैलगाडी नाही. कधीच नव्हती."

वीरभद्रप्पांनी पट्टी नसलेला डोळा तिच्याकडे वळवला.

"कुठल्या वाटेनं गेलाय?"

तिनं सांगितलं. मंगळवेढं, सांगोलं, मग गडदेवाडी.

"डांबरी रस्त्यानं जाईल हळूहळू. पण गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, पाणी नाही मिळालं, आणि मग कच्चा रस्ता, वळणं, उतार…"

"काय होतं हो काका, आरे सुटले की?"

"हातपंखा उघडतो तसं चाक उघडतं. गाडी त्या अंगाला कोसळते. उघडी गाडी, दारं ही एवढी. पुढं बसलेल्या बाईच्या मांडीवर जर…" ते थांबले. "पण आधी कुरकुरेल की. ऐकेल तो."

"ऐकेल. पण त्यातून समजेल काय?"

"रविवारी मंडळी जमली की कुणाला तरी पाठवू," ते म्हणाले. रविवार अजून लांब होता. "हा डोळा नसता तर मीच निघालो असतो, सूनबाई." आणि ते खरं होतं.

ती योगीला घेऊन दुकानात गेली. धाकटा दीर गिऱ्हाइकापुढं चादरी उलगडत होता. "वहिनी, दादा येऊ द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "विकल्या गाडीच्या मागं आपण धावलो तर पेठेत काय म्हणतील? खराब माल दिला म्हणतील."

"पोर आहे त्यांच्याबरोबर."

"पोरं सगळ्यांनाच असतात वहिनी."

तार ऑफिसात कारकुनानं पेन्सिल कानावरून काढली. "पत्ता?"

"मंगळवेढा. मुक्ताबाई गडदे. माहेरी आल्यात."

"माहेरचं आडनाव?"

तिला ठाऊक नव्हतं. सकाळभर एका चुलीपाशी बसलो, सवतीच्या गोष्टी केल्या, आणि आडनाव विचारलं नाही.

"बरं, गडदेवाडीला करा."

"तिथं तार सांगोल्याच्या टपालाबरोबर जाते, बाई. नेणारा बाजाराच्या दिवशी जातो."

कारखान्याला ट्रंक कॉल लावला. खरखरीतून कुणीसं म्हणालं, गडदेसाहेब रजेवर, मुलीचं जावळ आहे. जसं काही तिला ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती यष्टी स्टँडवर होती. शेजारच्या काशम्मा दारापर्यंत भांडत आल्या होत्या. "ह्या उन्हात तान्ह्याला घेऊन? डोकं फिरलं का तुझं?"

"अंगावर पितो हो. ठेवू कुणाकडं?"

"आणि तुझ्या पोराला काही झालं म्हणजे?"

बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, दोन कोरडे लंगोट, एक ओला पंचा. एवढं घेऊन चन्नम्मा निघाली होती.

मंगळवेढ्याला उतरून तिनं पानवाल्याला विचारलं, तर तो खुलला. "हिरवी मोटार? ती की! हॉर्न वाजवून समदा गाव गोळा केलता. आज सकाळच्या पारी गेली, सांगोल्याच्या अंगाला."

"इथं कुठं उभी होती?"

"ह्या इथंच, चौकात. बघायला रीघ लागलेली. पोरं सारखी पुसत व्हती तिला."

"ओल्या फडक्यानं?"

पानवाला तिच्याकडे बघतच राहिला. "पानी कुठलंय, बाई? कोरड्या."

म्हणजे हिरवी उन्हात वाळत उभी राहिली होती, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. चन्नम्मा सांगोल्याच्या गाडीत चढली. बसायला जागा नव्हती, कुणीतरी पोराकडे बघून दिली. खिडकीतून आत वारा नव्हे, भट्टीच येत होती. योगी प्यायचा आणि मधेच सोडून द्यायचा. ती पंचा ओला करून त्याच्या डोक्यावर ठेवी, आणि तो बघता बघता वाळून कडक होई. पंच्याला एवढं होतं, तर लाकडाला काय होत असेल, असं तिच्या मनात येई आणि ती रस्त्याकडे बघे. प्रत्येक वळणावर आधी डोळे मिटून घेई, मग उघडे.

वाटेत गाडीचं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली ती नेमकी दुष्काळी कामापाशी. बायका खडी फोडत होत्या. थोड्या अंतरावर टँकर उभा, त्याच्यापुढं घागरींची रांग. चन्नम्मा पोराला पदराखाली घेऊन खाली उतरली.

"हिरवी मोटार गेली का हो इथून?"

"गेली की!" एक म्हातारी हातोडा खाली ठेवत म्हणाली. तिला सगळ्या केराबाई म्हणत होत्या. "गेली काय, थांबलीच की हितं. चाक नुसतं कुई कुई, कुई कुई. आमी म्हनलं, आत कुत्र्याचं पिलू बांधलंय का काय!"

बायका हसल्या.

"मग?"

"मग मालक उतरला. चाकाला कान लावला डाक्टरवानी. डब्यातनं वंगन काढलं आन चोपडलं की. आऱ्यांच्या बुडात सुदिक बोटं घालून चोपडलं. म्हनला, लई दिवस बसून व्हती गाडी, वंगन मागतीया."

"वंगण?" चन्नम्मानं विचारलं. आधीच सैल झालेले आरे, आणि त्यांच्या बुडात वंगण. "पाणी नाही घातलं? चाकाला?"

"चाकाला पानी?" दुसरी एक जण म्हणाली. "बाई, हितं घागरीपायी डोकी फुटत्यात!"

"बैलगाडीच्या चाकाला घालतात तसं. लाकडी आहेत ती चाकं."

हसणं थांबलं. केराबाईनं तोंडावर हात घेतला. "अगं बया! लाकडाची व्हती व्हय? रंग एवढा चकाचक, आमाला वाटलं लोखंडच. ठावं आस्तं तर सांगितलं आस्तं की गं आमी! माझ्या वाट्याची घागर वतली आस्ती."

"पोर कुठं बसली होती?"

"म्होरं. आईच्या मांडीवर. आमाला टाटा करत गेली."

सांगोल्याला तिनं गाडी बदलली. गडदेवाडीच्या फाट्यावर ती उतरली तेव्हा बरोबर कुणीच उतरलं नाही. एक वाळकं झाड, एक बंद टपरी, आणि शेरडं घेऊन बसलेला एक म्हातारा. डांबरी सोडून एक कच्ची वाट माळावरून आत गेलेली.

"मोटार? मघाशीच गेली," म्हातारा म्हणाला. "मी तात्याबा, वाडीचाच हाय. श्रीमंताला लहानपनापास्नं वळखतो. बस म्हनला व्हता मोटारीत, पर शेरडं कुटं बसवू?"

"वाडी किती लांब?"

"हाय अजून. म्होरं वढ्याचा उतार लागतुया. लई वळनं हायती."

ती चालायला लागली. फुफाट्यात टायरांच्या दोन बारीक रेघा स्पष्ट उठल्या होत्या, बैलगाडीच्या नव्हे, ट्रकच्याही नव्हे. ती त्यांच्यावर डोळे लावून चालत राहिली. आधी दोन्ही रेघा सरळ होत्या. मग डावीकडची जरा हलली. पुन्हा सरळ झाली. आणि पुढं ती हलतच राहिली, साप गेल्यासारखी, मध्येच रुंद, मध्येच अरुंद. चाक डगमगत होतं. मुक्ताबाई डाव्या बाजूला बसली होती.

"थांबा!" ती ओरडली. पुढं कुणी नव्हतं. नुसता माळ, आणि त्यावर हलणारी झळ. "अहो थांबा! श्रीमंतभाऊ!"

ती पळायला लागली. कडेवर योगीची मान हिंदकळत होती. तिनं ती हातानं धरली आणि तिचा हात भाजला. पोर रडत नव्हतं. केव्हापासून रडत नव्हतं? तिनं पदर बाजूला केला. डोळे अर्धवट उघडे, ओठांवर पांढरी साय, टाळू खोल गेलेली. लंगोट चाचपला, सकाळी बांधला होता तसाच कोरडा. तिनं छातीशी धरलं, त्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही.

"योगी. ए योगी. बघ की रे इकडं."

पुढं ती हलणारी रेघ गेली होती, उताराकडं. मागं फाटा, आणि फाट्यावर येणारी सांगोल्याची गाडी. सांगोल्याला दवाखाना होता. ती तिथं उभी राहिली. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मागून येणारी शेरडं बुजली.

तात्याबा शेरडांमागून येत होता. त्यानं पोराकडे एक नजर टाकली आणि कमरेचा डबा सोडला. "पानी हाय ह्यात. थेंब थेंब सोडा जिभंवर. आन माघारी फिरा, बाई. लेकरू सुकलंय."

"तुम्ही जा पुढं. पळत जा. गाडी थांबवा, म्हणावं चाक सुटतंय, खाली उतरा."

"पळंन कसा? हा गुडघा बघा. पर जातो. हा निघालो."

आणि तो निघाला, शेरडांच्या पायानं, काठी टेकत. शेरडं दर झुडपापाशी थांबत होती. चन्नम्मा त्याच्या पाठीकडे बघत उलट्या पायांनी थोडी चालली. मग वळून पळत सुटली, त्याच वाटेनं, त्याच दोन रेघांवरून, हिरवी ज्या दिशेला गेली तिच्या उलट.

गाडी आली. ती पायरीवर चढली, पण आत जाईना. दांडा धरून तिथंच उभी राहिली आणि आतल्या सगळ्यांना सांगायला लागली, एका हातानं योगीच्या ओठांत पाण्याचा थेंब सोडत. कंडक्टर म्हणाला, बाई आत व्हा, पडाल. पुढच्या बाकावरचा माणूस म्हणाला, वेडी आहे का. एका बाईनं पोराला मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घातला. योगीनं एकदा गिळलं. एकदाच. गडदेवाडीच्या अंगाला जाणारं गाडीत कुणीच नव्हतं. सगळे उलट्या दिशेनं चालले होते.

म्हणून आता जो भेटेल त्याला चन्नम्माचं हेच सांगणं आहे, आणि तुम्हालाही. तुम्ही त्या बाजूचे असाल, सांगोल्यापुढं तुमचं कुणी सोयरंधायरं असेल, सायकल असेल, दोन धड पाय असतील, तर गडदेवाडीच्या उताराकडं जा. हिरवी मोटार चालती दिसली तर आडवे व्हा. शिव्या घातल्या तर खा. आधी मुक्ताबाईच्या मांडीवरची पोर खाली घ्या, मग सांगा की वंगण नको, पाणी. आणि मोटार चालती नसेल, तरी जा. डोक्यावर रिबीन बांधलेली आहे, केस अजून कापलेले नाहीत, नाव माया. ती बरी आहे का, एवढं बघून या.